न ऐकलेला प्रश्न

समोरच्या इमारतीतली एक मुलगी सकाळपासून गॅलरीत येरझाऱ्या घालते आहे. हातात पुस्तक, बोट पानांत अडकवलेलं, डोळे मिटलेले आणि ओठ हलताहेत. मोशीत आता जिकडे बघावं तिकडे अशा उंच इमारती आहेत आणि मार्च महिन्यात प्रत्येक इमारतीत दोन-चार मुलं तरी अशी ओठ हलवत फिरताना दिसतात. कानातलं यंत्र मी सकाळच्या वेळी काढूनच ठेवतो. मुलीचा आवाज मला येत नाही, पण ती इतिहास पाठ करते आहे एवढं कळतं. ‘परिणाम’ हा शब्द लांबूनही ओळखू येतो. प म्हणताना आणि म म्हणताना ओठ मिटावेच लागतात.

परीक्षांच्या या दिवसांत माझ्या मनात एकच जुना मार्च येतो. त्या मार्चमध्ये मीही एका परीक्षेला उभा राहिलो होतो आणि विचारलेला प्रश्न मला ऐकू आला नव्हता.

गोष्ट सत्तरनंतरची. दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी तिशीच्या आसपास होतो. मोशीच्या आमच्या बोराट्यांच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि गेलो तो थेट गणितात एम.एस्सी. होईपर्यंत. पण कॉलेजात कायमची जागा मिळेना. कुणी रजेवर गेलं की तीन महिने शिकवायचं आणि पुन्हा घरी येऊन बसायचं, असं दोन वर्षं केलं. शेवटी भोसरीच्या वसाहतीत एका कारखान्यात लागलो. मोठ्या कंपन्यांना पत्र्याचे सुटे भाग करून देणारा तो लहानसा कारखाना. माझं काम तपासणीचं. प्रेसखालून ठोकून निघालेला तुकडा उचलायचा, मापाच्या गेजला लावून बघायचा, बरोबर असला तर उजवीकडच्या पेटीत टाकायचा, नसला तर डावीकडच्या. माझं टेबल प्रेस शॉपमध्येच होतं, मशिनांपासून दहा पावलांवर.

तिथला आवाज कानांत शिरण्याआधी पायांत शिरायचा. जमीन हादरायची, तो हादरा टेबलाच्या पायांतून वर येऊन माझ्या कोपरांत पोचायचा, आणि टेबलावरच्या ग्लासातलं पाणी दिवसभर थरथरत राहायचं. एका ओळीत आठ प्रेस. प्रत्येकाची ठोकण्याची लय वेगळी, आणि त्या सगळ्या लयी एकत्र होऊन छातीवर बसायच्या. तिथे आवाजाने कुणी बोलतच नसे. सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचे. चहा आला, साहेब येतोय, पत्रा संपला, हे सगळं तोंड हलवून आणि हातवाऱ्यांनी. वर्षभरात मीही त्यात तरबेज झालो. म्हणूनच माझ्या कानांचं काय होतंय ते मला तिथे कधी कळलंच नाही.

कळलं ते घरी, आणि माझ्याआधी बायकोला. इंदू चऱ्होलीची, शेतात वाढलेली. ती मागून हाका मारायची आणि मी पुढे चालत राहायचो. एकदा ती समोर येऊन उभी राहिली.

“आवं, किती हाका मारायच्या मानसानं?”

“कधी मारल्या?”

त्या संध्याकाळी ती माझ्या पाठीमागे उभी राहून काहीबाही बोलत होती म्हणे, मला कळतंय का ते बघायला. मी पानातलं जेवत होतो. तिने मला भित्रा म्हटलं, आळशी म्हटलं, मग रडत काहीतरी म्हटलं. मी भाकरी मोडत राहिलो. हे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

चिंचवडच्या डॉक्टरांनी कानांत नळी घालून बघितलं, एक लोखंडी चिमटा वाजवून कानांपाशी धरला, आणि कागदावर लिहून दिलं: गेलेलं परत येत नाही. उरलेलं ठेवायचं असेल तर तो कारखाना सोडा. त्यांनी हे बोलून न दाखवता लिहून दिलं याचाच मला जास्त राग आला.

आधी बारीक आवाज गेले. चिमण्या गेल्या. चहाच्या कपात चमचा फिरण्याचा आवाज गेला. स, श, त, फ ही अक्षरं शब्दांतून गळून पडू लागली. बायकांचे आवाज पुसट झाले, पुरुषांचे राहिले. आणि जी जागा रिकामी झाली तिथे रातकिड्यांसारखी एक किर्र सुरू झाली, ती आजतागायत थांबलेली नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. त्याला कारण होतं.

आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सगळं पुणं घरी बसलेलं असायचं तेव्हा आमचे भोंगे वाजायचे, आणि गुरुवारी आमच्याकडचे रस्ते ओस पडायचे. विद्यापीठातल्या गणित विभागाचा सेमिनारही गुरुवारीच असे, दुपारी तीन वाजता. हा योग जुळून आला म्हणून मी संशोधनासाठी नाव घालू शकलो. घारपुरे सर माझे मार्गदर्शक. उंच, किंचित वाकलेले, आणि आवाज खर्जातला. तो आवाज मला शेवटपर्यंत ऐकू आला. कदाचित म्हणूनच मला इतके दिवस निभावता आलं.

गुरुवारी मी इंदूने धुऊन ठेवलेला पांढरा शर्ट घालायचो. मोशीहून चिंचवडपर्यंत सायकल, तिथून बस, दापोडी-खडकीवरून विद्यापीठ. बसमध्ये चिंचवडलाच कुसुम लोहोकरे चढायच्या. त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि सरांकडेच संशोधन करायच्या. गुरुवारी अर्धा दिवस रजा घेऊन येत. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, सावळ्या, चष्मा लावणाऱ्या. त्या बायकांच्या बाकावर बसत, मी मागे. उतरल्यावर फाटकापासून विभागापर्यंतच्या रस्त्यावर मात्र आम्ही बरोबर चालायचो. चालताना त्या नेहमी माझ्या उजव्या बाजूला असत. माझा उजवा कान थोडा बरा होता आणि त्यांना तिकडे ठेवायची युक्ती मी कधीच केली होती.

सेमिनारची खोली वरच्या मजल्यावर. समोर तीन फळे, पश्चिमेला मोठ्या खिडक्या, आणि खिडक्यांबाहेर शिरीषाचं झाड. मार्चमध्ये त्याची पानं गळायची आणि वाळलेल्या शेंगा वाऱ्याने खुळखुळायच्या. पहिल्या वर्षी त्या शेंगांचा आवाज मला ऐकू यायचा. तिसऱ्या वर्षी मी खिडकीतून त्या हलताना बघितल्या तेव्हा आवाज नव्हता.

त्या खोलीत मी जितका सुखी होतो तितका पुन्हा कुठेच झालो नाही. आठवड्याचे सहा दिवस पत्र्याचे तुकडे बरोबर की चूक एवढंच ठरवणारा मी, सातव्या दिवशी त्या बाकावर बसलो की कुणीतरी खडू घेऊन उभं राहायचं आणि फळ्यावर ओळीमागून ओळ उतरायची. कित्येकदा अर्धं कळायचं नाही, तरी बरं वाटायचं. गणिताचं एक बरं असतं, ते लिहावं लागतं. बोलणारा फळ्याकडे तोंड करून पुटपुटला तरी लिहिलेलं समोर राहतं. मी लिहिलेलं वाचायचो आणि जिथे सगळ्यांनी मान डोलावली तिथे मीही डोलवायचो. कुणी वळून माझ्याशी बोललं की हसून हो म्हणायचो. दहांतल्या नऊ वेळा ‘हो’ चालून जातं.

माझा विषय होता अनंत श्रेणी, म्हणजे न संपणाऱ्या बेरजा. लहान लहान होत जाणाऱ्या संख्या एकीत एक मिळवत जायचं. काही बेरजा कुठेतरी जाऊन स्थिरावतात, काही वाढतच राहतात. बेरीज न करताच ती स्थिरावेल की नाही हे सांगणारी एक कसोटी मी तीन वर्षं घासून तयार केली होती. प्रेसच्या ठोक्यांत बसून, तपासणीच्या कागदांच्या पाठीवर. सर एरवी कुणाची स्तुती करत नसत. कसोटीची सिद्धता वाचून ते एवढंच म्हणाले, “बोराटे, हे मांडा. मार्चमध्ये.”

त्या मांडणीवर संशोधनाची नोंदणी पक्की व्हायची होती. शिवाय आणखी एक गोष्ट होती. आकुर्डीला जूनमध्ये नवीन कॉलेज निघणार होतं. गणिताच्या एका जागेसाठी सरांचा शब्द चालणार होता आणि सरांनी माझं नाव मनात धरलं होतं. ती जागा मिळाली असती तर कारखाना सुटला असता, आणि उरलेले कान वाचले असते. पण बहिऱ्या माणसाला कॉलेजात कोण घेणार? म्हणजे कान वाचवायचे तर कान गेले आहेत हे लपवायला हवं होतं. मी ते मन लावून लपवत होतो.

त्या गुरुवारी ऊन मी म्हणत होतं. खोलीत वीस-बावीस माणसं. पुढच्या बाकावर बाहेरगावचे एक पाहुणे प्राध्यापक बसले होते, दोन दिवसांसाठी आलेले, म्हणून सरांनी मुद्दाम माझी मांडणी त्याच दिवशी ठेवली होती. पाहुणे वयस्क, अतिशय सभ्य, आणि वरचा ओठ पूर्ण झाकून टाकणाऱ्या पांढऱ्या भरघोस मिशा. त्या मिशांतून ओठ वाचता येणार नव्हते.

मांडणी चांगली झाली. हे मी आजही म्हणेन. पाऊण तास मी लिहीत गेलो, बोलत गेलो, माझा आवाज मला डोक्याच्या आतून येत होता. तिसरा फळा भरला तेव्हा मी घामाने भिजलो होतो. वळून बघितलं तर सर खुर्चीत मागे टेकून बसले होते. त्यांना आवडलं की ते असे टेकत.

मग प्रश्न. विचारले जातील असे सात-आठ प्रश्न मी आधीच काढून त्यांची उत्तरं पाठ केली होती. दोन प्रश्न त्यांतलेच आले, मागच्या बाकावरून, उजेडाकडे तोंड असलेल्या माणसांकडून. ते ओठांवरून कळले. मग पाहुणे उठले. ते खिडकीकडे पाठ करून उभे होते. मला त्यांची नुसती काळी आकृती दिसत होती, कडांना ऊन. ते हळू आवाजात, सावकाश काहीतरी म्हणाले. मला एवढंच कळलं की तो प्रश्न आहे. चिन्हं उलटसुलट असतील तेव्हा काय होतं ते तपासलं का, हा माझ्या यादीतला तिसरा प्रश्न अजून आला नव्हता. तोच असणार असं मी धरलं.

“येस सर,” मी म्हणालो आणि हसलो.

ते थोडे थांबले. पुन्हा काहीतरी म्हणाले, आता जरा जास्त शब्दांत.

“येस सर. आय हॅव चेक्ड इट.”

पाहुणे खाली बसले. कुणीच काही विचारेना. सरांची पाठ खुर्चीपासून सुटलेली मला दिसली. ते उठले, आभाराचे दोन शब्द बोलले, आणि फळा पुसायला लागले. फळा नेहमी शिपाई पुसायचा. सर माझं लिहिलेलं डावीकडून उजवीकडे पुसत गेले, माझ्याकडे न बघता. चहाच्या वेळी मी ज्या घोळक्याजवळ गेलो तो पांगला. काहीतरी बिघडलं होतं हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मी कपबशी हातात धरून शिरीषाकडे बघत उभा राहिलो.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. लोहोकरे बाई माझ्या पुढच्या बाकावर बसल्या आणि पूर्ण मागे वळल्या. असं त्या कधी करत नसत.

“तुम्ही हो का म्हणालात?”

“कशाला?”

त्या भराभर बोलू लागल्या. बस हादरत होती, त्यांचं तोंड हलत होतं, आणि मी सवयीने मान डोलावत होतो. त्या मधेच थांबल्या. माझ्या डोलणाऱ्या मानेकडे त्यांनी नीट बघितलं. मग पिशवीतून वही काढली, पेन्सिलीने लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली.

त्यांनी लिहिलं होतं: पाहुण्यांनी विचारलं, ही कसोटी तीन वर्षांपूर्वी एका परदेशी नियतकालिकात छापून आली आहे, तुम्ही ती तिथूनच घेतली ना? तुम्ही हो म्हणालात. मग त्यांनी विचारलं, म्हणजे तो लेख तुम्ही वाचला होता? तुम्ही म्हणालात, हो, तपासला आहे.

मी ते दोनदा वाचलं. खडकीचा पूल गेला असेल, दापोडी गेली असेल, मला काही दिसलं नाही. तीन वर्षांचं काम मी भर खोलीत, हसत हसत, चोरीचं म्हणून कबूल केलं होतं.

“तुम्हाला ऐकू आलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. हे त्या इतकं सावकाश म्हणाल्या की ओठांवरून प्रत्येक अक्षर कळलं. “किती दिवस झाले?”

“दोन वर्षं.”

“सरांना सांगा. उद्याच सांगा.”

“आणि आकुर्डीचं कॉलेज?”

चिंचवडला उतरताना त्यांनी वहीतलं ते पान फाडून मला दिलं.

पुढचे तीन गुरुवार मी विभागात गेलो नाही. सुट्टीचा दिवस खायला उठायचा. शेतात गहू कापणीला आला होता. इंदू आणि माझी भावजय विळे घेऊन ओळीने पुढे सरकायच्या आणि मी बांधावर बसून राहायचो. विळ्याचा आवाज नाही, पाखरांचा नाही, नुसती कानांतली किर्र आणि पिवळं ऊन. वाटायचं, असंच सगळं बंद होत जावं. आधी आवाज, मग उजेड, मग मी. नदीवर जाऊन डोहाच्या काठाशी उभा राहायचो आणि इंदू काहीतरी निमित्त काढून मागोमाग यायची. एकदा तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही, घरापर्यंत.

तिसऱ्या गुरुवारी ती समोर येऊन बसली.

“आज गुरुवार हाय.”

“माहीत हाय.”

“मंग?”

“न्हाई जायाचं.”

“ऐकू येत न्हाई ह्ये पाप हाय व्हय?” ती म्हणाली. “चोर म्हनत्यात तुमाला. त्ये चालतंय, आन् ह्ये न्हाई चालत?”

मी गेलो, पण सरांकडे नाही. विभागाला वळसा घालून ग्रंथालयात गेलो आणि तीन वर्षांपूर्वीचे परदेशी अंक चाळून पाहुण्यांनी सांगितलेला तो लेख शोधला. तिथेच उभा राहून वाचला. माझ्या कसोटीचा अर्धा भाग त्यात होता. अगदी तसाच. दुसरा अर्धा त्यात नव्हता. तो माझा होता, फक्त माझा. मी भिंतीला टेकून बसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडू आलं. आपल्याला रडण्याचा आवाज किती येतो आहे याचा अंदाज नसल्याने मी तोंडावर हात दाबून धरला होता.

पुढच्या गुरुवारी मी सरांच्या खोलीत उभा होतो. तो लेख आणि माझे कागद टेबलावर ठेवून मी आधीच ठरवलेलं खोटं बोललो.

“सर, त्या दिवशी मी घाबरलो होतो. प्रश्नाचा अर्थ नीट लागला नाही.”

“दोनदा विचारलं त्यांनी,” सर म्हणाले. “दोनदा घाबरलात?”

सर उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत राहिले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. ते काही बोलतील म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यांचे खांदे किंचित हलले. बऱ्याच वेळाने पुन्हा हलले. ते बोलत होते की नुसता उसासा टाकत होते, मला कळेना. माझ्या कानांत रातकिडे ओरडत होते. विचारलं तर सगळं संपलं असतं, आणि न विचारता उभं राहणंही मला पेलेना.

“सर,” मी म्हणालो, “आत्ता तुम्ही काही म्हणाला असाल तर मला ते ऐकू आलेलं नाही. त्या दिवशीही आलं नव्हतं. मला ऐकू येत नाही.”

ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग जायला वेळ लागला. मग ते टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आले, इतके जवळ की त्यांच्या कोटाचा डांबरगोळ्यांचा वास आला.

“मी तुम्हाला दोनदा जायला सांगितलं, बोराटे,” ते म्हणाले. “मला वाटलं तुम्ही हट्टाने उभे आहात.”

त्यांनी मला खुर्चीत बसवलं. माझे कागद आणि तो लेख शेजारी ठेवून दोन तास ओळ न् ओळ ताडून पाहिली. त्याच आठवड्यात त्यांनी पाहुण्यांना पत्र लिहिलं. पाहुण्यांचं उत्तर आलं, त्यात माझ्यासाठी खेद होता आणि तीन नवे प्रश्न होते, सुवाच्य अक्षरात. मे महिन्यात, सुट्टीत, मी ती मांडणी पुन्हा केली. खोलीत चौघेच होते. लोहोकरे बाई प्रश्न कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवत होत्या. एकही उत्तर चुकलं नाही. नोंदणी पक्की झाली.

खोलीतून निघताना सरांनी मला थांबवलं. ते माझ्यासमोर नीट उभे राहिले, उजेडात, आणि सावकाश बोलले.

“आकुर्डीला मी तुमचं नाव देऊ शकत नाही. मागच्या बाकावरून एखादा मुलगा काही विचारेल आणि तुम्ही हो म्हणाल. पन्नास मुलं ते उतरवून घेतील.”

मी म्हणालो, “बरोबर आहे सर.” बरोबरच होतं. म्हणूनच त्यांच्यावर रागही धरता येईना.

जूनच्या सुरुवातीला कळलं की ती जागा कुसुम लोहोकरे यांना मिळाली. सरांनीच त्यांना अर्ज करायला सांगितलं होतं. त्यात त्यांचा काहीही दोष नव्हता, हे मला त्या दिवशीही कळत होतं. पण मनात एक विषारी विचार आला आणि बसूनच राहिला. सरांना सांगा, उद्याच सांगा, असं म्हणताना बाईंना ही जागा दिसत होती का? मी उलटसुलट करून त्या बसमधलं त्यांचं तोंड आठवायचो. प्रत्येक वेळी ते वेगळं दिसायचं. मी विभागात जाणं सोडलं. कागद ट्रंकेत गेले. प्रबंध पुढे कधी लिहिला नाही. कारखान्यात मी जागा बदलून मागितली होती, दोन वर्षांनी मला मालाच्या कोठारात बदलून दिलं, तोवर उरलेलंही बहुतेक गेलं होतं. सरांची दोन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही.

त्याच जूनमध्ये एका गुरुवारी लोहोकरे बाई आमच्या घरी आल्या. मोशीला तेव्हा दिवसाला दोन-तीन बस यायच्या. त्या थांब्यापासून चालत, पत्ता विचारत आल्या होत्या, चपला मातीने भरलेल्या. इंदूने त्यांना पाणी दिलं, ओटीवर सतरंजी घातली. त्या माझ्यासमोर बसल्या. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि बोलायला सुरुवात केली.

ऐकू न येणाऱ्या माणसाच्या हाती एक गोष्ट असते. तो नजर खाली घालू शकतो. मी घातली. समोर शेणाने सारवलेली जमीन होती, तिच्यावर बोटांचे अर्धगोल उमटलेले होते. ते मी मोजत बसलो. त्या बोलत होत्या हे मला त्यांच्या हातांच्या सावलीवरून दिसत होतं. सावली मधे थांबायची, पुन्हा हलायची. पाव तास तरी गेला असेल. मी वर बघितलं नाही. एकदा त्यांचा हात सतरंजीवर माझ्या दिशेने थोडा पुढे आला आणि मागे गेला. मग त्या उठल्या. मी मान वर केली तेव्हा त्या अंगणाच्या पलीकडे पोचल्या होत्या आणि इंदू दारात उभी राहून पदराने डोळे टिपत होती.

“काय म्हनल्या?” मी विचारलं.

इंदूने सतरंजीची घडी घातली आणि ती आत गेली.

लोहोकरे बाई त्या कॉलेजात वीसेक वर्षं शिकवून परगावी गेल्या आणि तिकडेच वारल्या, असं मला कुणीतरी सांगितलं. इंदूला जाऊनही आता सहा वर्षं होतील. ती असेपर्यंत मी तिला कितीदा तरी विचारलं. कधी रागाने, कधी गोडीने, शेवटी शेवटी तर हात जोडून. कागद-पेन्सिल पुढे ठेवली, तिला मोडकंतोडकं लिहिता यायचं. ती कागद बाजूला सारायची, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची, आणि मला दिसेल असं म्हणायची,

“त्या तुमच्यासंगं बोलत व्हत्या. माज्यासंगं न्हाई.”